मदतसंस्थेचे मोजमाप कसे करावे?

प्रश्न : आमच्या तालीम मंडळाने गणेशोत्सवाच्या वर्गणीतून काही रक्कम पूरग्रस्तांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेस देण्याचे ठरवले आहे. काही सभासदांच्या मते सर्वांत कमी आस्थापना खर्च असलेली संस्था निवडावी. इतरांच्या मते सर्वाधिक धान्यसंच वाटणारी. कोणती कसोटी ग्राह्य धरावी?
— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : धर्मादाय कार्यालयातील नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब आधी पाहावेत, परंतु त्यांवरून फक्त प्रामाणिकपणाचा अंदाज येतो, उपयुक्ततेचा नाही. आस्थापना खर्चाचेही तसेच आहे. घरोघरी जाऊन गरजूंची यादी करणाऱ्या कार्यकर्त्याचे मानधन याच सदरात पडते. ते वाचवणारी संस्था कागदावर काटकसरी दिसते आणि ट्रक रस्त्यालगतच्या गावात रिकामा करून परतते.

शासनाची एखादी कल्याणकारी योजना आपण ज्या नजरेने तपासतो, त्याच नजरेने मदतसंस्थाही तपासावी, असे माझे मत आहे. रेशनच्या योजनेत आपण किती पोती उचलली एवढेच विचारत नाही. नाव कोणाचे सुटले, हेही विचारतो. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने 43 फुटांची धोकापातळी ओलांडून 55 फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा करवीर आणि शिरोळ तालुक्यांतील कित्येक गावांना पाण्याने वेढले. अशा पुरानंतर पिकाच्या शासकीय भरपाईचा आधार सातबारा आणि पंचनामा हाच असतो. त्यामुळे दुसऱ्याचे रान वाट्याने कसणारा, ऊस बुडाल्याने रोजगार गेलेली शेतमजूर स्त्री, भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब हे सहज बाहेर राहतात. संस्थेचे पैसे नेमके येथे पोहोचले का, हा माझ्या लेखी पहिला प्रश्न आहे. ज्याला शासनाकडून मिळाले त्यालाच पुन्हा देणे सोपे असते, कारण त्याची यादी तयार असते.

संख्येलाही अर्थ असतो, मात्र तिला माप हवे. आपत्तीतील मदतकार्यासाठीच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांत माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा आणि 20 माणसांमागे एक शौचालय असे प्रमाण दिलेले आहे. शाळेतल्या छावणीत ‘हजारो बाटल्या वाटल्या’ असे सांगणाऱ्यास माणसे किती होती आणि किती दिवस होती, हे विचारावे. जुन्या कपड्यांच्या ढिगांबद्दल तर न बोललेलेच बरे.

विकास-साहाय्याच्या मूल्यमापनासाठी आर्थिक सहकार्य व विकास संघटना (ओईसीडी) या प्रामुख्याने विकसित देशांच्या गटाच्या समितीने 1991 मध्ये गरजेशी सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी प्रभाव आणि टिकाऊपणा या पाच कसोट्या मांडल्या. 2019 मध्ये इतरांच्या कामाशी मेळ ही सहावी जोडली गेली. आपल्याकडे ही सहावीच अधिक दुर्लक्षित आहे. तहसील कार्यालय आणि ग्रामपंचायतीला न विचारता पाच संस्था एकाच गावात जातात आणि शेजारच्या वाडीत कोणीच जात नाही. टिकाऊपणाची अपेक्षा मात्र पहिल्या आठवड्यातील अन्नवाटपाकडून करू नये. ती घरदुरुस्ती किंवा जनावरे पुन्हा घेण्यासाठी दिलेल्या मदतीकडून करावी.

तेव्हा मंडळाने दोन-तीन संस्थांकडून मागील पुरातील कामाचा गाववार तपशील आणि निवडीचे निकष लेखी मागवावेत, त्यांतील एका गावात दोन सभासदांनी जाऊन मदत न मिळालेल्यांशीही बोलावे आणि मगच रक्कम द्यावी. शक्य असल्यास निम्मी पाणी ओसरल्यानंतरच्या कामासाठी राखून.