ब्रिकफिल्ड्समध्ये घर भाड्याने घ्यावं का? सात वर्षं राहून सांगते

दादा, तुमचा प्रश्न वाचला. क्वालालंपूरला बदली, ऑफिस केएल सेंट्रल या मुख्य रेल्वे स्टेशनपाशी, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी, आई अधूनमधून येणार आणि त्या पक्क्या शाकाहारी. कंपनीतले लोक म्हणतायत मॉन्ट किआरा नाहीतर बांगसार बघा, ब्रिकफिल्ड्स नको, तिथे फार गजबज. आम्ही ब्रिकफिल्ड्सला, म्हणजे केएल सेंट्रलला लागूनच असलेल्या वस्तीत, सात वर्षं काढली, मुलीची शाळा लांब पडायला लागली म्हणून सोडलं, नाहीतर सोडलं नसतं. त्यामुळे थोडं झुकतं माप देणारच, ते धरून वाचा.

गजबज आहे हे खरंच आहे. पण मॉन्ट किआराला मेट्रोच जात नाही, रोज सकाळी गाडी काढून ट्रॅफिकमध्ये बसायची तयारी असेल तर बघा. बांगसार केएल सेंट्रलपासून एलआरटीने (शहरातली छोटी मेट्रो) एकच स्टेशन असं सांगतात आणि नकाशावर ते बरोबरच आहे, पण स्टेशन खाली एका टोकाला, आणि एजंट तुम्हाला ज्या तेलावीच्या छान गल्ल्या दाखवणार त्या तिथून दीड-दोन किलोमीटर आत, दुपारच्या उन्हात चालून दाखवा म्हणावं. (बांगसार हे नाव मलय वाटतं ना? पूर्वी तिथे रबराचा मळा होता, त्याच्या बुंगे आणि ग्रिसार नावाच्या मालकांवरून आलंय. मला कळलं तेव्हा मी खूप हसले होते.)

ब्रिकफिल्ड्सहून तुम्ही ऑफिसला चालत जाल. आधी मोनोरेलचं स्टेशन आणि मोठं स्टेशन यांच्यात बाहेरून पावसात भिजत जावं लागायचं, 2014 ला मधे एनयू सेंट्रल मॉल उघडला तेव्हापासून एसीतून आरपार. एअरपोर्टची ट्रेन तिथूनच, अर्ध्या तासात विमानतळ, आईंना आणा-सोडायला यासारखं सुख नाही.

आता जागेबद्दल. 1881 मध्ये आधी आग आणि मग पूर असं दोन्ही झालं आणि लाकूड आणि झावळ्यांचं जुनं क्वालालंपूर साफ झालं, मग इंग्रजांनी बांधकाम विटांचंच हवं असं ठरवलं आणि इथे वीटभट्ट्या आल्या, तेच हे नाव. पुढे रेल्वे आली आणि रेल्वेत काम करायला तमिळ आणि सिलोनी लोक आले ते इथेच वसले. रस्त्यांची नावं बघा: स्कॉट, रोझारिओ, थंबीपिल्लै, चान आह तोंग, म्हणजे इंग्रज, युरेशियन, तमिळ, चिनी सगळे शेजारी शेजारी. मुख्य रस्ता तुन संबंथन यांच्या नावाचा, स्वातंत्र्यानंतरच्या सरकारात मंत्री होते आणि रबराच्या मळ्यांवरच्या मजुरांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून मळेच विकत घेणारी सहकारी संस्था त्यांनी उभी केली. आपल्याकडच्या साखर कारखान्यांची आठवण येते की नाही?

पण एक गोष्ट आधीच सांगते, नंतर हिरमोड नको. लोक 'लिटिल इंडिया' म्हणतात म्हणून आपल्याला वाटतं आपलंच. तो बोर्ड, त्या कमानी, ते हत्तींचं कारंजं हे सगळं 2010 चं, आपले तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग उद्घाटनाला आले होते. सांचीच्या तोरणासारखं दगडी तोरण आहे ते 2015 ला मोदींच्या हस्ते झालं. वस्ती मात्र मुळात मलेशियन तमिळांची आहे, चार-चार पिढ्या इथे काढलेल्यांची, आणि ते स्वतःला मलेशियनच म्हणतात. 'तुम्ही इंडियात कुठले' असं विचारू नका, मी पहिल्याच आठवड्यात फुलवाल्या मावशींना विचारलं आणि त्या जरा चिडल्याच, म्हणाल्या माझी आजीसुद्धा इथेच जन्मली. हिंदी फारशी चालत नाही, मोडकंतोडकं इंग्रजी, दोन शब्द तमिळ आणि शेवटी इथल्या बोलीतला एक 'लाह' लावला की काम होतं.

आईंना आवडेल. जालन स्कॉटवर (जालन म्हणजे रस्ता) वीर हनुमानाचं देऊळ आहे, जवळच सिलोनी तमिळांचं कंदस्वामी कोविल, चालत्या अंतरावर सिंहली लोकांचा 1894 चा बौद्ध विहार, तीन पंथांचं मिळून एक चिनी देऊळ, चर्च. 1904 पासूनच्या विवेकानंद आश्रमाची जुनी इमारत अगदी रस्त्यावर, मागे तिथे टॉवर बांधायचा घाट होता, लोकांनी ओरड केली आणि ती वारसा म्हणून वाचली. रेल्वेच्या कारकुनांच्या जुन्या चाळवजा घरांचं मात्र तसं झालं नाही, ती पाडली. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक रिटायर्ड रेल्वेवाले अंकल रोज संध्याकाळी तिकडे फेरी मारायचे, पत्रे लावल्यावरसुद्धा.

अजून एक, फुटपाथवर पिवळ्या उठावदार फरशा दिसतील, अंधांच्या संस्थेचं मोठं केंद्र इथे आहे म्हणून. काठी घेतलेली माणसं रोज ये-जा करतात, त्या फरशांवर पिशव्या ठेवून गप्पा मारत उभं राहू नका, आपल्या लोकांना ती फार सवय. अंध लोकांची मसाजची दुकानं आहेत, कंबर धरली की जा, मी जायचे.

खाणं. केळीच्या पानावरचा भात, तोसै, वडै सगळं सहज. पण मामाकच्या (तमिळ मुसलमानांच्या) खानावळीत किंवा ऑफिसच्या कँटीनमध्ये 'व्हेज' म्हटलं आणि समोर हिरवी भाजी आली म्हणून आईंना देऊ नका, सांबलमध्ये (इथली मिरचीची चटणी) बेलाचान असतं, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा, आणि नासी लमाकवर (नारळाच्या दुधातला भात) सुकी मासळी असतेच. आमच्या सासूबाई कांगकुंगची पालेभाजी मिटक्या मारत खात होत्या, दोन दिवसांनी कळलं, पुढचं विचारू नका.

आता तोटे. दिवाळीच्या आधी महिनाभर रस्त्यावर स्टॉल आणि प्रत्येक दुकानाबाहेर स्पीकर, मुख्य रस्त्याकडे तोंड असलेला फ्लॅट घेतलात तर रात्री डोकं धराल. मोनोरेल आणि रेल्वेकडची बाजू पण टाळा. पार्किंग घरासोबत मिळत नसेल तर घर सोडून द्या. एक-दोन मागच्या गल्ल्यांची रात्रीची ख्याती बरी नाही, आणि पर्स रस्त्याच्या बाजूला लटकवून चालायचं नाही, मोटारसायकलवाले हिसकावतात.

डिपॉझिट दोन महिन्यांचं, वीज-पाण्याचं अर्ध्या महिन्याचं आणि पहिलं भाडं आगाऊ, म्हणजे साडेतीन महिन्यांची रक्कम पहिल्याच दिवशी हातात हवी. करारावर स्टॅम्प करून घ्या. आणि किल्ली घेताना प्रत्येक भिंतीचा, एसीचा, पडद्याचा, बाथरूमच्या नळाचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. आम्ही नाही काढला, निघताना मालकाने आमच्या आधीपासून असलेल्या डागांचे पैसे कापले आणि आम्ही काही सिद्ध करू शकलो नाही.

एजंट सकाळी अकराला घर दाखवेल, तेव्हा सगळं शांत असतं. तुम्ही शुक्रवारी रात्री नऊला परत एकटे जा, खिडकी ज्या बाजूला आहे तिथे खाली पंधरा मिनिटं उभे राहा. मुलीची शाळा आधी ठरवा, घर नंतर, आमचं उलटं झालं.

आणि आईंना सांगा पोहे, कढीपत्ता, नारळ, शेंगदाणे काही आणू नका, खाली उतरलं की मिळतं. साबुदाणा मात्र तिकडूनच आणा, इथल्याचा आमच्याकडे दर वेळी लगदाच झाला. आणि गोडा मसाला.