नुसत्या बाणांनी शहर पडत नाही, भावा

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि आधी हसलो, मग गप्प झालो. सिव्हिलायझेशन ६ हा आळीपाळीने चाली खेळून साम्राज्य उभं करायचा कॉम्प्युटर गेम, त्यातली किंग ही अवघडपणाची पातळी, पंचावन्नावा टर्न, म्हणजे चाल. सात आर्चर, म्हणजे तिरंदाज, घेऊन तू रोमच्या ट्राजनच्या दारात उभा आहेस, त्याची भिंत उभी राहिली आहे, तुझ्याकडे लोखंड नाही आणि सायन्समध्ये तू सगळ्यांच्या मागे. वर विचारतोस, ‘आता आयर्न वर्किंग करू की युद्ध सोडून रायटिंग घेऊ?’ दोन्ही टेक, म्हणजे रिसर्च करून मिळवायच्या विद्या: पहिलीने स्वोर्ड्समन (तलवारवाले) मिळतात, दुसरीने सायन्स वाढवणारा कॅम्पस. नाव आणि नकाशा बदलला तर ही माझीच २०१९ सालची कथा आहे.

आधी सांगून टाकतो, मी काही डीटी, म्हणजे सगळ्यात अवघड पातळी, खेळणारा नाही. तिथे कॉम्प्युटर तीन सेटलर (नवं शहर वसवणारे) घेऊन सुरू करतो आणि आपण एक घेऊन, मला ती खाज नाही. किंग आणि एम्पररवर खेळतो, स्टँडर्ड स्पीड, गॅदरिंग स्टॉर्म या एक्स्पान्शनसकट. खालचं सगळं तेवढ्यापुरतंच धर. पहिलं शहर कुठे वसवायचं, स्काउट कधी काढायचा हे तुला कळतंच, ते सोडून देतो.

तर २०१९. मी चंद्रगुप्त, शेजारी ब्राझीलचा पेद्रो. त्याच्याकडे सुरुवातीच्या काळातलं खास सैन्य काही नाही, म्हणजे याहून गरीब शेजारी मिळणार नाही. मी आठ आर्चर जमवले. सोबत वॉरियर, म्हणजे जवळून लढणारा शिपाई, फक्त एक, सुरुवातीला फुकट मिळतो तो. रिओला भिंत नव्हती, आणि भिंत नसलेलं शहर उलट मारा करत नाही. त्यामुळे आर्चर निवांत उभे राहून बाण सोडत होते. तीन-चार टर्नमध्ये शहराच्या हेल्थची पट्टी तळाला गेली. तेव्हा घाई करून तोच एक वॉरियर शहरावर घातला. तो आधीच अर्धमेला होता, शहरात पेद्रोचा भालेवाला बसलेला. वॉरियर गेला.

मग मी काय केलं? बाण मारत बसलो. शहराची पट्टी रिकामी, माझे आठ आर्चर भोवती, आणि आत जाणारं कुणीच नाही. रेंजवाल्याला, म्हणजे लांबून मारणाऱ्याला, शहर घेता येत नाही, हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू, माहीत होतं. फक्त डोक्यात नव्हतं. वडील मागे खुर्चीवर बसून बघत होते. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण खासबागेत कुस्त्या बघण्यात जन्म गेलेला माणूस. म्हणाले, “नुसतं लांबनं बाण मारून गड घावतोय व्हय रं? पाठ कोण टेकवणार?”

राजधानीत नवा वॉरियर लावला. तो तयार होऊन, टेकड्या आणि जंगल ओलांडून येईपर्यंत नऊ टर्न गेले. सातव्या टर्नला रिओची भिंत पूर्ण झाली. भिंत झाली की शहर स्वतः मारा करतं. पुढच्या पाच टर्नमध्ये तीन आर्चर गेले, बाकीचे लंगडत घरी. त्या साऱ्या काळात मी एक सेटलर काढला नव्हता, कॅम्पसचा पत्ता नव्हता. ती चूक मला शंभराव्या टर्नपर्यंत नडली.

आर्चरचा दुसरा दोष कुणी सांगत नाही. शहराला सगळीकडून कोंडलं नाही तर ते दर टर्नला वीस हेल्थ भरून काढतं. कोंडायचं म्हणजे नकाशावरच्या भोवतीच्या प्रत्येक घरात (चौकटीत) तुझा माणूस हवा, नाहीतर ते घर तुझ्या युनिटच्या दाबाखाली हवं. हा दाब वॉरियर, भालेवाले, घोडेस्वार टाकतात. आर्चर टाकत नाही. म्हणजे तो फक्त स्वतःचं घर अडवतो, शेजारचं मोकळंच राहतं. आपण पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणारी माणसं. १६६० मध्ये सिद्दी जौहरने चार महिने वेढा घातला, आणि महाराज जुलैच्या पावसात रात्री त्यातूनच विशाळगडाकडे निघून गेले. फट राहिली की वेढा कसा वाया जातो, हे आपल्याला तरी शिकवावं लागू नये.

आता तुझ्या प्रश्नाकडे. युद्ध की रिसर्च, हा प्रश्नच मला पटत नाही. सुरुवातीच्या काळात लढाईच रिसर्च करून देते. स्लिंगरने, म्हणजे गोफणवाल्याने, एक शत्रू मारला की आर्चरी या टेकचा युरेका, म्हणजे चाळीस टक्के टेक फुकट. तीन बार्बेरियन, म्हणजे कुठल्याच राज्याचे नसलेले टोळीवाले, मारले की ब्रॉन्झ वर्किंगचा. तीन आर्चर झाले की थेट मशिनरीचा. त्यांची छावणी उडवली तर सिव्हिक्समध्ये (कल्चरने मिळणाऱ्या विद्यांत) मिलिटरी ट्रॅडिशनला धक्का मिळतो. रायटिंगचा तर नुसता दुसरा राजा भेटला तरी येतो, म्हणजे तुझा केव्हाच आलेला असणार. मी आर्चरी साधारण साठ टक्क्यांवर आणून थांबवतो, स्लिंगरने शिकार केली की ती आपोआप पूर्ण होते. आणि आर्चर बांधत बसत नाही. स्लिंगर पस्तीस प्रॉडक्शनमध्ये होतो, आर्चरला साठ लागतात. स्लिंगर काढून सोन्याने बढती द्यायची. क्राफ्ट्समनशिप या सिव्हिकनंतर आगोगे हे धोरणाचं कार्ड लावलं की पायदळ आणि तिरंदाजांचं प्रॉडक्शन पन्नास टक्के जास्त. हे न लावता सैन्य काढणाऱ्यांचं मला कळत नाही, पण असो.

आयर्न वर्किंग आत्ता करू नकोस. गॅदरिंग स्टॉर्ममध्ये एका स्वोर्ड्समनला वीस लोखंड लागतं, आणि एक खाण टर्नला दोन देते. म्हणजे खाण असती तरी पहिल्यासाठी दहा टर्न. तुझ्याकडे ती खाणही नाही. मेसनरी घे. तीच भिंत बांधायची टेक, तीच बॅटरिंग रॅमची, म्हणजे भिंत फोडायच्या ओंडक्याची. रॅम शहराला खेटून उभा केला की वॉरियर आणि भालेवाले भिंतीवर पूर्ण जोराने मारतात. रॅम नसेल तर त्यांचा घाव भिंतीला चिमूटभर लागतो, आर्चरचाही फार लागत नाही. घोडेस्वारांना मात्र रॅमचा उपयोग नाही. एक रॅम, तीन-चार पायदळ, मागे तुझे आर्चर. एवढ्याने ट्राजनचं एक शहर पडायला हवं. त्याचे लीजन, म्हणजे रोमचे खास तलवारवाले, दिसले तर मात्र मुकाट्याने तह कर, माझं नाव सांगू नकोस.

शहर घेतलंस तर सीमेजवळचं घे. लांबचं घेतलं तर लॉयल्टी घसरून ते बंड करतं आणि मेहनत पाण्यात. लॉयल्टी टिकवायला गव्हर्नर तिकडेच पाठव.

विषय निघालाच आहे तर, चंद्रगुप्त घेऊन बघ कधीतरी. आपल्याकडे वारू म्हणजे घोडा, गेममध्ये वारू म्हणजे हत्ती. हॉर्सबॅक रायडिंगला मिळतो, घोडे लागत नाहीत, आणि शेजारच्या शत्रूची ताकद पाचने कमी करतो. मी तो पेद्रोविरुद्ध पुढे वापरला आणि अखेर रिओ घेतलं.

ते दाखवायला मात्र माझ्याकडे काही नाही. त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात आलं, लॅपटॉप वरच्या मजल्यावर नेताना भिजला. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला दिला. दोनदा सांगितलं होतं, हार्डडिस्कला हात लावू नका. त्यांनी ‘सॉफ्टवेअर इश्यू’ म्हणून सरळ फॉरमॅट मारला आणि पावतीवरची बारीक ओळ दाखवली, डेटाची जबाबदारी आमची नाही. दोनशे टर्नचा गेम आणि घरच्या लग्नाचे फोटो, दोन्ही गेले. वर अडीच हजार घेतले. त्यामुळे डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरात सेव्ह असतात, त्यांची कॉपी पेनड्राइव्हवर काढ. आज.

आणि तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये खाली डावीकडे बार्बेरियन स्काउट आहे, डोक्यावर लाल उद्गारचिन्ह घेऊन पळतोय. त्याने तुझं शहर पाहिलंय. तो छावणीत पोचला की तुझ्या रिकाम्या राजधानीवर टोळी येणार. मेसनरी वगैरे नंतर, दोन आर्चर आधी त्याच्या मागे सोड.