पाच वर्षांच्या मुलीला टाइप वन डायबेटिस निघाला आहे. सासूबाई म्हणतात, इंजेक्शनची सवय लावू नका. घरी कसं सांभाळायचं?

ताई, तुमच्या प्रश्नात तीन काळज्या आहेत. इन्सुलिनची सवय लागेल का, घरात शिजतं ते तिला खाता येईल का, आणि शाळेत सांगावं की झाकून ठेवावं, कारण "मुलीची जात, उद्या लग्न जमवायचंय" असं घरात बोललं जातंय. माझ्या मुलाला चौथ्या वर्षी टाइप वन निघाला, आता तो सातवीत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोसचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. घर कसं चालतं, ते मी सांगते.

आधी सवयीचं. इन्सुलिन तुमच्या-माझ्या शरीरात रोज तयार होतं. तुमच्या लेकीच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बहुतेक पेशी तिच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केल्या आहेत, म्हणून ते बाहेरून द्यायचं. तुम्ही गरोदरपणात काय खाल्लंत, तिला किती चॉकलेटं दिलीत, कुणाची दृष्ट लागली, याचा काडीचाही संबंध नाही. हे स्वतःला रोज सांगा, कारण टोचून बोलणारे भेटतील. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवणं, एवढाच उपाय डॉक्टरांच्या हातात होता.

म्हणून आमच्या घरात एकच गोष्ट काळ्या दगडावरची रेघ आहे: इन्सुलिन चुकवायचं नाही. बाकी जेवणाच्या वेळा, सण, प्रवास, खेळ, सगळं मागेपुढे करता येतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण इथेच घरं फसतात. पुढच्या काही आठवड्यांत तिचा डोस कमी होत जाण्याची बरीच शक्यता आहे. शिल्लक राहिलेल्या पेशींना विश्रांती मिळाली की त्या काही काळ पुन्हा काम करतात. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. ती काही महिने चालते, एखाद्या मुलात वर्षभरही, आणि मग संपते. नेमकं याच काळात कुणीतरी काढा, कारल्याचा रस नाहीतर पुड्या घेऊन येतं आणि श्रेय त्या पुडीला जातं. आमच्याकडेही एका नातेवाइकाने "गुण आलाय, आता सुया बंद करा" म्हणून खूप आग्रह धरला होता. मी हात जोडून नाही म्हटलं आणि आजही तेच म्हणेन. इन्सुलिन बंद झालं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन साठतात, आणि उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास अशी लक्षणं सुरू होतात. यात मूल दगावू शकतं. सासूबाईंशी वाद घालू नका. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा, "इंजेक्शन थांबवलं तर काय होईल?" आमच्या आजी तिथून परतल्या त्या पूर्ण बदलून.

ताप आला, जेवण गेलं, तरी लांब पल्ल्याचं, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं, इन्सुलिन बंद करायचं नाही. आजारपणात बऱ्याचदा उलट जास्त लागतं. घरात लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या ठेवा, साखर 250 च्या वर राहायला लागली की तपासा. उलट्या थांबत नसतील तर रात्र असो की पहाट, सरळ हॉस्पिटल गाठा.

जेवणाबद्दल तुम्ही फार घाबरला आहात, तेवढं घाबरू नका. तिच्यासाठी वेगळं काही शिजवायचं नाही. जे सगळे खातात तेच तीही खाईल, फक्त ताटात कर्बोदकं किती आहेत ते तुम्हाला कळलं पाहिजे. छोटा वजनकाटा आणा. वीस ग्रॅम कणकेचा फुलका केला तर त्यात साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं. एकदा गोळे मोजून करायला लागलात की महिन्याभरात हातालाच अंदाज येतो. भात नेहमी एकाच वाटीने वाढा. वरण, उसळ, अंडं, पनीर, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर यांनी पोट भरतं आणि साखर झपकन चढत नाही. साबुदाण्याची खिचडी मात्र जपून, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. गणपतीत माझा मुलगा मोदक खातो. उकडीचं पीठ नि सारण मोजून घेते, त्या हिशेबाने डोस, आणि तो सगळ्यांच्या पंगतीत बसतो. त्याला एकट्याला बिनसाखरेचं काहीतरी देऊन कोपऱ्यात बसवलेलं मला कधीच पटलं नाही.

पाच वर्षांचं मूल इंजेक्शन घेऊन दोन घासांत उठतं, ही खरी अडचण. जलद, म्हणजे जेवणासाठीचं, इन्सुलिन जेवणाआधी 10–15 मिनिटं दिलेलं चांगलं, पण इतक्या लहान मुलांत काही डॉक्टर जेवण संपल्या संपल्या किंवा दोन भागांत द्यायला परवानगी देतात. हे नक्की विचारा. अर्ध्या युनिटच्या टप्प्याने डोस देता येणारं इन्सुलिनचं पेन मिळतं तेही विचारा, लहान मुलांना त्याचा फार उपयोग होतो.

कुपीतून सिरिंजने देत असाल तर एक गोष्ट कधीही विसरू नका. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी. शंभराचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट जातो. मेडिकलवाला घाईत काय देतो ते काउंटरवरच वाचून घ्या.

टोचायचं की नाही, हे तिच्यावर सोडायचं नाही. कुठे टोचायचं, हे सोडायचं. आज पोट, मांडी की दंड, तिने बोट दाखवावं. जागा रोज बदलली नाही तर कातडीखाली गाठी होतात आणि तिथे टोचलेलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. टोचल्यावर लगेच सुई काढू नका, दोघींनी मिळून दहा आकडे म्हणा.

लो, म्हणजे साखर 70 च्या खाली, हे घरातल्या प्रत्येकाला ओळखता आलं पाहिजे. पुस्तकात घाम, थरथर, भूक, चिडचिड असं असतं, पण प्रत्येक मुलाचं आपलं एक लक्षण असतं. माझ्या मुलाच्या वरच्या ओठाभोवती पांढरं पडतं, नजर एका जागी लागते आणि रंगवता रंगवता खडू हातातच राहतो. तुमच्या लेकीचं कोणतं, ते शोधा आणि आजीला दाखवून ठेवा. अशा वेळी ग्लुकोजची पावडर किंवा साखरेचं पाणी द्यायचं, चॉकलेट नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर चढायला वेळ लागतो. मोठ्यांना 15 ग्रॅम देतात, पाच वर्षांच्या मुलीला त्याहून कमी पुरतं. तिच्या वजनाला किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली किंवा झटके आले तर तोंडात पाणी ओतू नका. कुशीवर वळवा, डॉक्टरांनी ग्लुकागॉन (साखर झटपट वाढवणारं औषध) दिलेलं असेल तर द्या आणि हॉस्पिटलकडे निघा. ज्या दिवशी खूप धावपळ, पोहणं झालं असेल त्या रात्री उठून साखर बघा, खेळानंतर कित्येक तासांनीही ती उतरते.

आकड्यावर तिच्यासमोर तोंड पाडू नका. 300 आला तर "काय खाल्लंस?" हा पहिला प्रश्न नको. वाढीची संप्रेरकं, सर्दी, परीक्षेची धास्ती यांनीही साखर चढते. आमच्याकडे फक्त "जास्त आहे", "कमी आहे" एवढंच बोलतो. मूल आकड्यांना घाबरायला लागलं की लपवायला शिकतं, आणि वयात आल्यावर ते फार महाग पडतं. परवडत असेल तर दंडावर लावायचा, साखर सतत मोजणारा सेन्सर घ्या, रात्री निदान तुम्हाला झोप मिळेल.

साठ्याचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. उन्हाळ्यात वीज जात असेल तर मातीच्या मोठ्या भांड्यात छोटं भांडं ठेवून दोन्हींच्या मध्ये ओली वाळू भरा आणि इन्सुलिन आतल्या भांड्यात ठेवा.

शाळेचं. लपवू नका, ताई. वर्गात तिला लो झाला आणि बाईंना माहीतच नसेल तर त्या तिला "झोप आली का?" म्हणून बाकावर डोकं टेकवू देतील. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना पत्र लिहून सांगितलंय की अशा मुलांना वर्गात, परीक्षेतही, साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधला खाऊ खाऊ द्यावा. त्याची प्रत आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. वर्गशिक्षिकेला एका पानावर मराठीत लिहून द्या: लक्षणं, काय द्यायचं, कुणाला फोन. ग्लुकोजचा एक डबा दप्तरात, एक बाईंच्या कपाटात. लग्नाचं म्हणाल तर सोनम कपूरला सतराव्या वर्षी टाइप वन निघाला, तिने ते उघड सांगितलं, लग्न झालं, मूलही झालं. पाच वर्षांच्या पोरीला आत्तापासून "कुणाला सांगू नकोस" शिकवलं तर ती बाथरूममध्ये लपून इंजेक्शन घेईल, किंवा घेणारच नाही.

छत्रपती संभाजीनगरला 'उडान' ही संस्था अशाच मुलांसाठी काम करते. लांब पडत असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आईचा नंबर ते तिला विचारून देतील. शक्यतो तुमच्या लेकीच्याच वयाचं मूल असलेली बघा, दोघी मुलींना एकत्र खेळू द्या.