एडिटरची स्थिती असिंक एपीआयने (विनंती पाठवायची, उत्तर थोड्या वेळाने येतं अशा पद्धतीने) मागितली की कर्सर चुकीच्या जागी का येतो?

तुमच्यापर्यंत उत्तर पोचेतो वापरणाऱ्याने आणखी चार अक्षरं टाइप केलेली असतात म्हणून; प्रत्येक उत्तरासोबत मजकुराचा आवृत्ती क्रमांक पाठवा. मजकूर, कर्सर आणि सिलेक्शन तीन वेगळ्या कॉलमध्ये मागू नका, एकाच क्षणाचं चित्र एकाच उत्तरात द्या. बदल करायची विनंती जुना क्रमांक घेऊन आली तर सरळ नाकारा, अंदाजाने ओढूनताणून बसवू नका. व्हीएस कोड या प्रोग्रॅमिंगच्या एडिटरमध्येही दर बदलाला, अगदी अनडू केलं तरी, डॉक्युमेंटचा व्हर्जन वाढतोच. इथे कोल्हापुरात एका छापखान्यासाठी मराठी एडिटर करताना मला खरा दणका बसला तो मात्र मोजणीचा. ‘कोल्हापूर’ हा शब्द डोळ्यांना ४ अक्षरांचा, यूटीएफ-१६ मध्ये ९ एककांचा आणि यूटीएफ-८ मध्ये २७ बाइटचा (या दोन्ही संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धती). मग ‘कर्सर ९ वर’ म्हणजे नेमका कुठे? हे एपीआयनेच स्पष्ट सांगायला हवं. (एडिटर आणि त्याला कोडबद्दल सूचना देणारा प्रोग्रॅम यांनी कसं बोलायचं ते ठरवणारा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल वेगळं काही ठरलं नसेल तर यूटीएफ-१६ धरतो.) आणि हो, एडिटर आणि तुमचा कोड एकाच थ्रेडवर (एकामागून एक चालणाऱ्या कामांच्या एकाच रांगेत) चालत असतील तर कर्सर वाचायला असिंकचा घाट घालू नका, साधा फंक्शन कॉल पुरे.