राणीघरं दिसली, आता काय करावं?

प्रश्न : येऊरच्या पायथ्याशी आमच्या वाडीत सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. जांभूळ फुलल्यापासून एका पेटीच्या दाराशी संध्याकाळीही माश्यांचा घोस लटकलेला असतो. उघडून पाहिलं तर पोळ्यांच्या खालच्या कडेला पाच राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, दिसली. ती मोडावीत का? आणि मध कधी काढावा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी अंडी शोधा. ऊन पाठीशी घेऊन पोळ्याची चौकट किंचित तिरपी धरा. पोळ्यातल्या साध्या घराच्या तळाशी बारीक पांढरं अंडं उभं दिसलं, तर ते ताजं आहे आणि राणी पेटीतच आहे. कुठेच अंडी नसतील, तर जुनी राणी थवा, म्हणजे पेटीतल्या बऱ्याच माश्या, घेऊन नव्या जागी गेलेली असू शकते. अशा वेळी सगळी राणीघरं मोडलीत, तर वसाहत राणीविना राहील. एक चांगलं, लांबट राणीघर राखाच.

राणी आहे आणि राणीघरं अजून उघडी आहेत, मेणाने बंद झालेली नाहीत, तर ती मोडा. पण त्याच दिवशी मधकोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा कप्पा, हीही चढवा. नुसतं मोडून भागत नाही, कारण दाटी तशीच राहते आणि माश्या पुन्हा राणीघरं बांधतात. मधकोठीत शक्यतो बांधलेली पोळी द्या. मेणपत्र्यावर, म्हणजे मेणाच्या पातळ पत्र्यावर, नवं पोळं बांधण्यात बहराचे दिवस निघून जातात. अंडं घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी राणीघर बंद होतं, म्हणून बहरात दर सात दिवसांनी तपासणी हवीच.

राणीघर बंद झालं असेल, तर वसाहत विभागा. राणी असलेली चौकट, बंद पिल्लांची एक आणि मध-परागाची एक, अशा तीन चौकटी माश्यांसकट नव्या पेटीत घालून ती दूर ठेवा. चारा आणणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात, म्हणून आणखी एका चौकटीवरच्या माश्या नव्या पेटीत झटका. मात्र राणीघर असलेली चौकट कधीच झटकू नका. आतली राणी दुखावते. जुन्या पेटीत एकच राणीघर ठेवा आणि तीन आठवडे ती उघडू नका. मग अंडी दिसायला हवीत.

मध फक्त मधकोठीतला काढा, तोही चौकटीचा तीन चतुर्थांश भाग मेणाने बंद झाल्यावर. चौकट आडवी धरून हलका झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे, तो आंबतो. खाडीकडच्या दमट हवेत ही परीक्षा चुकवू नका. वळवाच्या सरींआधी काढणी आटोपा. पिल्लांच्या खालच्या कोठीतल्या मधाला हात लावू नका. जून ते सप्टेंबर माश्यांना बाहेर फारसं काही मिळत नाही, तेव्हा त्या त्यावरच जगतात.