‘त्या चार दिवसांत माझं डोकंच चालत नाही’

“मॅडम, पाळीच्या आधी चार-पाच दिवस माझं डोकंच चालत नाही. टीम लीडची जागा मिळतेय. नको म्हणून कळवू का?” हिशेब तपासणीत काम करणारी ती खुर्चीच्या कडेवर टेकूनच बोलत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मी तिला वही ठेवायला सांगितली. दोन पाळीचक्रं, रोज रात्री तीन नोंदी: झोप किती तास, मन कसं होतं ते दहापैकी, आणि वरिष्ठांनी दाखवलेल्या चुका किती. तिसरा रकाना ऐकून तिनं तोंड वाकडं केलं.

वही आली. पाळीच्या तोंडावर मनाचा आकडा सातवरून तीनवर घसरलेला. चुका मात्र एकूण नऊ, आणि त्या दिवसांत फक्त दोन. उरलेल्यांपैकी चार तर पाच तासांपेक्षा कमी झोपेनंतरच्या. समासात बारीक अक्षरात, ‘एकच शीट चारदा तपासली’. ही नोंद मात्र नेमकी त्याच दिवसांतली.

पाळीच्या आधी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरकं (हार्मोन्स) झपाट्यानं उतरतात. काहीजणींना हा उतार जास्त जाणवतो. चिडचिड, थकवा, मोडलेली झोप हे काही नाटक नसतं. पण स्मरण, लक्ष, आकडेमोड प्रत्यक्ष मोजली तर? 2025 साली 102 अभ्यास, म्हणजे जवळपास चार हजार स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. चक्राच्या टप्प्यानुसार बौद्धिक कामगिरी बदलते, असा ठोस पुरावा मिळाला नाही. यावरून कुणी ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणू लागलं, तर मला राग येतो. डोकं जड वाटणं खरंच असतं, काम बिघडतंच असं नाही, एवढंच.

रक्तस्राव फार होतो का, हेही विचारलं. होत होता. डॉक्टरांकडे पाठवलं, हिमोग्लोबिन ठीक, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघालं. दर महिन्याला जगणंच नकोसं वाटत असतं, तर मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडलं असतं. पीएमडीडी, म्हणजे पाळीआधी मनःस्थिती तीव्रपणे बिघडवणारा विकार, त्याच्या निदानालाही अशाच दोन चक्रांच्या रोजच्या नोंदी लागतात.

“मग मी चारदा का तपासते?” तिनं विचारलं. आता आमचं काम त्यावर चाललंय. दोनदा तपासायचं आणि फाइल पाठवायची. पहिल्यांदा पाठवली, त्या रात्री अकराला उठून तिनं ती पुन्हा उघडलीच होती.