इन्व्हर्टरच्या लाकडी कपाटाचं पॅनल काढता-लावता यायला स्क्रू चालतील का?

तुम्ही म्हणताय की जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटरीसाठी प्लायचं कपाट घरीच बनवलंय, डिस्टिल्ड वॉटर टाकायला पुढचं पॅनल दर दोन-तीन महिन्यांनी काढावं लागणार, तर साधे लाकडाचे स्क्रू चालतील का. सुरुवातीला चालतील हो, पण टिकणार नाहीत. लाकडाचा स्क्रू आपले आटे प्लायमध्येच पाडतो, आणि दर वेळी काढून परत पिळला की ते आटे थोडे थोडे झिजतात. मी इथे नाशिकला असंच कपाट केलं होतं, चौथ्या वेळी उघडलं तेव्हा खालचा डावा स्क्रू नुसताच गरागरा फिरायला लागला, बोटांनी ओढला तर सरळ बाहेर आला आणि आट्यांमध्ये प्लायचा तपकिरी भुसा अडकलेला. भोकात काडेपेटीच्या काड्या आणि गोंद भरून पाहिलं, ते पण दोनदाच टिकलं.

म्हणून माझं स्पष्ट मत, जे पॅनल वारंवार काढायचंय तिथे आटे धातूचे धातूतच बसायला हवेत. एम६ चे (म्हणजे ६ मिमी आट्यांचे) पितळी इन्सर्ट नट घ्या, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली नळी, आणि त्यात एम६ चे स्टेनलेसचे बोल्ट. साधं लोखंड नको, बॅटरीच्या आम्लाच्या वाफेने गंजतं. इन्सर्ट बाहेरून लाकडात आट्यांनी घट्ट बसतो तो एकदाच, नंतर बोल्ट कितीही वेळा काढा. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीच्या बाजूला नट-बोल्टच्या दुकानात विचारा, नगावर देतात का बघा, दोन-चार जास्तीचे घ्या. टी-नट (दातेरी चकतीचा नट) पण चालतो, फक्त तो मागून ठोकायचा असतो त्यामुळे मागे हात पोहोचेल तिथेच.

आता महत्त्वाचं. इन्सर्ट प्लायच्या कडेत बसवू नका, थर फाटतात. कपाटाच्या आतून सागाची २५ मिमीची पट्टी गोंद आणि स्क्रूने कायमची लावा आणि इन्सर्ट त्या पट्टीच्या समोरच्या बाजूने घाला. भोक किती मोठं ते दुकानदाराला विचारण्यापेक्षा व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) इन्सर्टचं बाहेरचे आटे सोडून मधलं अंग किती जाड ते मोजा, आणि आधी तुकड्यावर करून बघा. आट्यांना थोडं मेण लावा. बसवायला एका बोल्टवर दोन नट एकमेकांवर आवळून तो इन्सर्टमध्ये घाला आणि वरून पान्याने फिरवा, सरळ आत जातो. पृष्ठभागाच्या १ मिमी आत गेला पाहिजे, बाहेर राहिला तर पॅनल नीट टेकत नाही.

भोकं जुळवायला पॅनल जागेवर क्लॅम्प करून दोन्हीतून एकदमच ३ मिमीचं ड्रिल मारा, नंतर पट्टीचं भोक इन्सर्टप्रमाणे आणि पॅनलचं ७ मिमी करा. ते १ मिमी जास्त मुद्दामच, पावसाळ्यात प्लाय थोडा फुगतो आणि घट्ट भोक असलं की बोल्ट तिरका पकडतो. बोल्टच्या डोक्याखाली मोठं वॉशर घाला म्हणजे डोकं प्लायमध्ये दबत नाही.

मिनीफिक्स (तयार फर्निचरचे भाग जोडायची फिरकी-खिळ्याची जोडणी) नको, ते एकदा जोडून ठेवायच्या फर्निचरसाठी असतं, आणि हाताने ड्रिल मारून त्याची भोकं जुळवणं अवघड जातं. मॅग्नेट कॅच रोज उघडायच्या हलक्या पॅनलला ठीक, पण ६० बाय ६० सेंमीचं १२ मिमी प्लायचं पॅनल साधारण अडीच किलो भरतं, ते नुसत्या मॅग्नेटवर टांगू नका, खाली टेकायला पट्टी द्याच.

आणि कृपया, पॅनल कितीही छान बसलं तरी वर आणि खाली हवेसाठी उघड्या फटी ठेवा, चार्जिंगला बॅटरीतून हायड्रोजन निघतो तो कोंडता कामा नये. पॅनल लावताना चारही बोल्ट आधी हाताने दोन-तीन फेरे फिरवून घ्या, मगच एलन कीने (षटकोनी चावीने) आवळा, नाहीतर पहिला पूर्ण आवळला की चौथ्याचं भोक सापडत नाही.